मौनाचा कौल

सुज्ञ वाचकहो, पुढील मजकूर लिहावयास घेण्यापूर्वी ही लेखणी बराच काळ टेबलावर आडवी पडून होती, हे प्रथम नम्रपणे नमूद करतो. मागील प्रकरणांतून या काचवाल्या घराण्यातील भांडणे, सोयरिकी आणि मरणे सांगितली. ती सारी डोळ्यांना दिसणारी होती. आता जे सांगावयाचे आहे ते मनुष्याच्या कवटीच्या आत घडते, आणि बाहेर त्याची जी खूण उमटते तिला हे घर भलत्याच नावाने ओळखत आले. या प्रकरणात एका रविवारची सकाळ आहे, एक रिकामे टेबल आहे आणि मेंदूचा एक आजार आहे. ज्यांच्या घरी असा आजार असेल त्यांनी तो सांगताना मान खाली घालू नये, एवढ्याच हेतूने हा प्रपंच आरंभिला आहे.

छबी दुकानाच्या मागल्या दाराने आत आली, तेव्हा कारखान्यात कोणीही नव्हते. तयार आरसे नेहमीप्रमाणे भिंतीकडे तोंड करून उभे होते, शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारखे. काच कापण्याचे ते लांबरुंद टेबल, ज्यावर हिरवी लोकरी बनात ताणून बसविलेली होती, ते मात्र स्वच्छ पुसून ठेवलेले दिसले. त्यावर काचेचा कण नव्हता, खडूची रेघ नव्हती. छबीने त्यावर तळहात ठेवला. लहानपणी या टेबलाला हात लावला की पाठीत धपाटा बसत असे.

“आलीस?” वहिनी जिन्याच्या तळाशी उभी होती. छबीच्या थोरल्या भावाची, दादांची, ही पत्नी. या घरात येऊन केस पांढरे झाले, तरी बोलताना अजून माहेरच्यासारखी हसत असे. आज हसली नाही.

“आले. दादा कुठं आहेत?”

“वर. दाढी करताहेत. न्हाणीघराची कडी मी काढून टाकली, तेव्हापासून जरा घुश्शातच आहेत.”

“कडी का काढली?”

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत असताना झटका आला आणि दार लावलेलं असलं तर फोडायची वेळ येईल. ह्यांना सांगितलं, कडी लावू नका. पालथ्या घड्यावर पाणी. मग घेतला पेचकस आणि कडीच उतरवली. आता घरात कुणालाच कडी नाही. आत्याबाई आंघोळीला गेल्या की मोठमोठ्यांदा गाणं म्हणतात, कुणी चुकून शिरू नये म्हणून.”

छबीला हसू आले आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणीही आले. ती या घरातून गेली, त्याला आता बरीच वर्षे लोटली होती. दूरच्या गावी एका कारखान्यात ती प्रयोगशाळेच्या काचनळ्या घडवीत असे. ज्वाळेपुढे बसून काच फुंकीत असे. सणासमारंभाला येऊन जाई, पण पाहुणीसारखी, चपला दाराशी सरळ लावून. या वेळी वहिनीने फोनवर एवढेच म्हटले होते, “हे काच कापायला उभे राहू शकत नाहीत आता. तू ये. बोलावलंय म्हणून नको, तुला यावंसं वाटलं म्हणून ये.”

वरून घरातल्या खुर्च्या आणून टेबलाभोवती मांडल्या गेल्या. मधला भाऊ, ज्याला घरात अण्णा म्हणत आणि जो दुकानाचा गल्ला व गिऱ्हाईक सांभाळीत असे, तो आधीच येऊन बसला. त्याच्या शेजारी आत्याबाई बसल्या. त्या या तिघा भावंडांच्या वडिलांच्या धाकट्या भगिनी. त्यांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता. जीभ मात्र अजून कामावर होती.

“काय ग, तिकडं काच फुंकतेस म्हणे,” आत्याबाई म्हणाल्या. “आमच्या घरात काच फोडली तर शिव्या, आणि तू फुंकून पगार घेतेस. चांगलं आहे.”

“तुमची तब्येत कशी आहे, आत्या?”

“माझ्या तब्येतीला काय धाड भरलीय. आणि त्याच्याही तब्येतीला काही झालेलं नाही, हे तुला आधीच सांगून ठेवते. दमलाय तो. दमलेल्या माणसाचा हात सुटतो.”

“दमलेल्या माणसाला मेंदूच्या डॉक्टरीणबाई गोळ्या देत नाहीत,” वहिनी चहाचे पेले मांडता मांडता म्हणाली.

येथे वाचकांस सांगणे अगत्याचे आहे, की या बैठकीचे कारण काय घडले. गेल्या महिन्यात दादा एका बाईंसाठी मोठ्या आरशाची काच कापीत होते. काचेवर हिरकणीची, म्हणजे काच कापण्याच्या हिऱ्याच्या टोकाची, रेघ एका दमात ओढावी लागते. मध्ये थांबले की काच वाटेल तिकडे तडकते. दादांचा हात आयुष्यात कधी थांबला नव्हता. त्या दिवशी तो मध्यावर थांबला. दादा नुसते उभे राहिले, डावा हात सुटला आणि काच टेबलावरून सरकून खाली आली. अण्णा तेथेच होता. परंतु त्याने जे केले ते आजवर या घरातील प्रत्येकाने केले असते. त्याने मान खाली घातली आणि मागे सरकला. त्या बाई मात्र परक्या होत्या. त्या ओरडल्या, “अहो, खाली काय बघताय? त्यांच्याकडे बघा. ते शुद्धीवर नाहीत.”

“मी सांगतो तुला नक्की काय झालं,” अण्णा छबीकडे वळून हळू आवाजात म्हणाला. “आम्ही दवाखान्यात गेलो. मी, वहिनी आणि आत्या. डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, घाईत नसतात. त्यांनी सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, असं होतं त्या वेळी ह्यांचे डोळे कुठं असतात? तोंड हलतं का? हात काय करतात? हाक मारली तर बघतात का?”

“मग?”

“मग काय. आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो.”

“ते तरी बघितलंत,” वहिनी म्हणाली.

“मी म्हटलं, आम्ही त्या वेळी खाली बघतो. बाई म्हणाल्या, सगळे? दर वेळी? मी म्हटलं, हो, आमच्या घरात तशी पद्धत आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मी इतकी वर्षं हे काम करते, पण समोर बसूनही ज्याला कुणी पाहिलंच नाही असा रुग्ण पहिल्यांदा आला.”

आत्याबाईंनी पेला जरा जोरात ठेवला. “पद्धत माझ्या भावानं घातली. त्याची थट्टा तिथंही झाली, इथंही करा.”

ती पद्धत अशी. या भावंडांचे वडील, ज्यांना सारे मोठे बाबा म्हणत, ते कधी कोणाला नाही म्हणत नसत. त्यांना एखादी गोष्ट मान्य नसली की ते बोलता बोलता गप्प होत. मग समोरच्याने मान खाली घालावी, खुर्ची आवाज न करता मागे सारावी आणि उठून जावे. तो विषय त्या घरात पुन्हा निघत नसे. बाहेरचे लोक याला हसत. घरातले लोक याला अदब म्हणत. बाबा गेले आणि त्यांच्या खुर्चीवर दादा बसले. पुढे दादाही कधी कधी असेच बोलता बोलता गप्प होऊ लागले. आत्याबाई कौतुकाने म्हणाल्या होत्या, बाप गेला पण कौल ठेवून गेला. तेव्हापासून दादांचे मौन हा या घरातला शेवटचा शब्द ठरला.

छबीने त्या मौनापुढे मान खाली घातली होती, ती याच कारखान्यात. तिने सरळ विचारले होते, दादा, मला या टेबलाशी उभं राहायचंय, काच कापायला शिकवा. घराण्यात हिरकणी केवळ मुलग्यांच्या हाती देत. अण्णाच्या हाती दिली होती, तेव्हा काच रडली होती, वेडीवाकडी तडकली होती. छबीचा हात मात्र स्थिर होता, हे सर्वांना ठाऊक होते. दादा म्हणाले होते, “हे बघ छबी, तुझा हात…” आणि गप्प झाले होते. खुर्च्या मागे सरल्या. सर्व उठले, तीही उठली, आणि त्याच आठवड्यात घरातूनही उठली. ते अर्धे वाक्य तिने ज्वाळेपुढे बसून शेकडो वेळा पुरे केले होते, प्रत्येक वेळी वेगळ्या अपमानाने.

“त्यांना नक्की काय झालंय, वहिनी?” तिने विचारले.

“आकडी. पण आपण समजतो तशी नाही, जमिनीवर पडून हातपाय झाडण्याची. बाईंनी कानशिलावर बोट ठेवून दाखवलं. म्हणाल्या, मेंदूचं सगळं काम बारीकशा विजेवर चालतं. इथल्या एका जागी ती वीज भरकटते. तेवढ्यापुरतं माणूस उभा असतो, बसलेला असतो, डोळेही उघडे असतात, पण तो तिथं नसतो. मिनिट दोन मिनिटं. मग परत येतो, आणि मधलं त्याला काही आठवत नाही. मेंदूचा विजेचा आलेख काढला, फोटो काढला. आत एक जुना व्रण आहे म्हणतात. गोळ्या रोज, वेळेवर, एकही चुकवायची नाही. झोप पुरेशी. आणि गाडी नाही, शिडी नाही, काच नाही.”

“किती दिवस?”

“गोळ्या लागू पडतात का ते बघून. बऱ्याच जणांना पडतात म्हणाल्या. खात्री मात्र दिली नाही त्यांनी.”

“हे सगळं ठीक आहे,” अण्णा म्हणाला, “पण हे नाव या भिंतीबाहेर जायला नको. फिट येते म्हटलं की गिऱ्हाईक काच तर सोडाच, खिळासुद्धा घ्यायला यायचं नाही. लोकांना सांगू, पाठ धरलीय.”

“पाठ बरी,” आत्याबाईंनी दुजोरा दिला. “पाठ कुणाचीही धरते. पाठीत लाज नाही.”

“आणि दुकानात पुन्हा झालं तर?” वहिनीने विचारले. “गिऱ्हाईक म्हणेल, पाठ धरली म्हणून हा माणूस शून्यात बघतो होय?”

 छबीच्या डोक्यात एकच प्रश्न काचेवर पाण्याचा थेंब सरकावा तसा सरकत होता. डोळे उघडे असतात, पण तो तिथं नसतो. मग त्या दिवशी, ते अर्धं वाक्य बोलताना, दादा तिथं होते का?

जिन्यावर पावले वाजली. दादा आले. दाढी गुळगुळीत झाली होती. सदऱ्याची बटणे गळ्यापर्यंत लावलेली. त्यांनी टेबलाकडे पाहिले, त्यावर पेले मांडलेले पाहिले आणि क्षणभर कपाळाला आठी पडली, कारण या टेबलावर चहा कधीच नसे. मग आपल्या खुर्चीवर बसले.

“माझ्याबद्दल बोलून झालं असेल, तर आता माझ्याशी बोला,” ते म्हणाले. “छबी, प्रवास नीट झाला?”

“झाला.”

“तुला वहिनीनं बोलावलं. मी नव्हतं सांगितलं. पण आलीस, बरं केलंस.”

अण्णाला राहवले नाही. त्याच्या मनात सकाळपासून जे खदखदत होते ते त्याने मांडले. “दादा, रागावू नका. मी मागं म्हटलं होतं, दुकानाला पुढून मोठी काचेची दर्शनी बाजू करू. तुम्ही गप्प झालात. मग ते यंत्राचं म्हटलं, कडा घासायच्या यंत्राचं, तेव्हाही गप्प झालात. आता डॉक्टरीणबाई म्हणतात, हे गप्प होणं म्हणजे… म्हणजे मला एवढंच विचारायचंय, की त्यातलं तुमचं कोणतं आणि आजाराचं कोणतं?”

“घ्या,” आत्याबाई म्हणाल्या. “आता याचे सगळे नकार रोगाच्या नावावर चढवा. उद्या म्हणाल, लहानपणी मारलं तेही विजेनंच.”

“मी फक्त विचारलं.”

“विचारलंस तर ऐक,” दादा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, पण बोटे टेबलाच्या कडेवर घट्ट होती. “यंत्राला मी मनापासून नाही म्हणालो. आठवतंय मला, रागानं गप्प बसलो होतो. दर्शनी बाजूचं मला आठवतच नाही. तू कधी विचारलंस तेही आठवत नाही. आता तुम्हीच ठरवा. इतकी वर्षं या खुर्चीवर मी बसलो होतो, की माझी आकडी बसली होती?”

 बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवीत गेले. वहिनीने नवऱ्याच्या दंडावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, परंतु तिकडे पाहिलेही नाही.

छबी म्हणाली, “मलाही एक विचारायचंय, दादा.”

“मला ठाऊक आहे तुला काय विचारायचंय. मीही तेच विचारणार होतो तुला, की त्या दिवशी तू…”

आणि ते थांबले.

आत्याबाईंची मान खाली गेली. अण्णाची खुर्ची आवाज न करता मागे सरली. लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट. बुद्धीला कळण्यापूर्वी मानेला कळते. छबीचीही मान अर्धी झुकली होती. मग तिने ती जोर लावून वर केली, जणू कोणी तिच्या मानेवर हात ठेवला होता.

“बसा,” ती म्हणाली. “कुणी उठू नका. बघा त्यांच्याकडे.”

तिने पाहिले. तिच्या सख्ख्या भावाचा चेहरा या वेळी कसा दिसतो हे तिने आयुष्यात प्रथमच पाहिले. डोळे उघडे होते, पण ते तिच्यावर नव्हते. तिच्या पलीकडे, भिंतीकडे तोंड केलेल्या आरशांवरही नव्हते. ओठ हलत होते, काही चघळावे तसे. उजवा हात सदऱ्याच्या बटणाशी खेळत होता, ते काढीत होता, पुन्हा लावू पाहत होता. त्यात राग नव्हता. नकार नव्हता. त्या चेहऱ्यावर कोणताच कौल नव्हता.

“अण्णा, मोबाईल काढ,” वहिनी शांतपणे म्हणाली. “बाईंनी चित्रण मागितलंय.”

अण्णाने काढला. 

“अहो, ऐकू येतंय का?” वहिनीने नवऱ्याच्या कानाजवळ वाकून विचारले. उत्तर नाही. तिने समोरचा गरम चहा दूर सारला, आणि त्यांना धरून न ठेवता नुसती जवळ उभी राहिली.

“तोंडात चमचा घाला कुणीतरी,” आत्याबाई पुटपुटल्या, “दातखीळ बसेल.”

“तोंडात काहीही घालायचं नाही, आत्याबाई. दाबून धरायचं नाही. नुसतं सांभाळायचं.”

“पाणी तरी दे.”

“पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणीही नाही.”

छबीची नजर अण्णाकडे गेली. तो इमानेइतबारे मोबाईल धरून बसला होता, आणि त्याची मान खाली होती. मोबाईलही त्याच्या मानेबरोबर खाली झाला होता.

“अण्णा, टेबलाच्या पायाला आकडी आलेली नाही.”

“मला होत नाही ग त्यांच्याकडे बघायला,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. “बाबांच्यासारखं वाटतं.”

“बाबा नाहीत ते. बघ तरी.”

अण्णाने मान वर केली. मग मोबाईल वर केला. आणि तो मध्यमवयीन गृहस्थ आपल्या थोरल्या भावाकडे असा पाहू लागला, जसे कोणी पुष्कळ वर्षे बंद असलेल्या खोलीत डोकावून पाहावे. “बटण काढताहेत,” तो म्हणाला. “अरे, बिचारे बटण काढताहेत.”

आत्याबाईंनीही पाहिले.  मग त्यांचा स्वर निराळाच निघाला.

“हे मी पाहिलंय. तो पाळण्यातून नुकता बाहेर आला होता. अंग तापानं फणफणलं होतं. तेव्हा मोठी आकडी आली होती, मी मांडीवर घेऊन बसले होते, आणि सरताना असंच तोंड चघळत होता. त्याची आई म्हणाली, कुणाला सांगू नका, पोराला नाव पडेल. मी नाही सांगितलं. नंतर कुणी विचारलंही नाही.”

“डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं,” वहिनी म्हणाली. “लहानपणी तापात काही झालं होतं का म्हणून. तुम्ही शेजारीच होतात.”

“होते. मूग गिळून बसले. पाठ बरी म्हटलं ना मी मघाशी.” त्यांनी पदराने नाक पुसले. “उद्या मला घेऊन चल तिकडं. मी सांगते माझ्या तोंडानं. अण्णा, तुझी ती पाठबीठ राहू दे आता.”

अण्णाने मान हलविली. पाठीचा पक्ष तेथेच मोडला.

दादांचा हात बटणावरून खाली आला. ओठ थांबले. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला, डोळे चोळले, टेबलाकडे पाहिले, पेल्यांकडे पाहिले. काही काळ ते आपल्याच कारखान्यात पाहुणे असल्यासारखे दिसले. वहिनी हळूहळू सांगत राहिली, “कारखान्यात आहात. रविवार आहे. मी आहे.” थोड्या वेळाने त्यांनी तिचे नाव घेतले, मग पाणी मागितले, आणि तिने मगच ते दिले. नंतर त्यांची नजर खुर्च्यांवरून फिरू लागली. एकीवर अण्णा. एकीवर आत्या. एकीवर छबी. ती नजर पुन्हा पहिल्या खुर्चीकडे गेली, जणू मोजदाद चुकली असावी.

“तुम्ही गेला नाहीत?” दादांनी विचारले.

“कुठं जाणार?” छबी म्हणाली.

“नेहमी जाता.”

 दादा बोलत राहिले. जीभ अजून जड होती, शब्द एकेक करून येत होते. “मी बोलत असतो. आणि मग बघतो तर खुर्च्या रिकाम्या. समोरचा माणूस उठून गेलेला. मधलं वाक्य ऐकायलाही कुणी थांबत नाही. मला वाटायचं, बाबा बोलत असेपर्यंत बसायचे सगळे, माझ्यासमोर बसवत नाही कुणाला. बोलता बोलता उठून जातात. मी कधी विचारलं नाही. काय विचारायचं? का गेलात म्हणून भीक मागायची?”

“दादा,” अण्णा म्हणाला, “आम्ही तुमचा मान राखायला उठायचो.”

“आणि मला वाटायचं, मान नाही म्हणून उठता.”

आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले. पेल्यांतला चहा एव्हाना गार होऊन गेला होता. छबीने आपला पेला बाजूला सारला. 

“मी गेले त्या दिवशी काय झालं, तुमच्या बाजूनं?” तिने विचारले.

“तू दारातून आत आलीस, एवढं आठवतं. हात पाठीमागं बांधले होतेस, काहीतरी मागायचं असलं की बांधायचीस तसे. त्याआधी मला पोटातून काही वर चढल्यासारखं वाटलं होतं, अलीकडे झटक्याआधी नेहमी वाटतं तसं. मग खुर्च्या रिकाम्या. आणि त्या आठवड्यात तू गेलीस. एका शब्दानं विचारलं नाहीस. मला वाटलं, काचेच्या धंद्याची लाज वाटली असेल तुला. दूर जाऊन काचेचंच काम धरलंस म्हटल्यावर तर काहीच समजेना.”

“मी विचारलं होतं.”

“काय?”

“मला या टेबलाशी उभं करा म्हणून. काच कापायला शिकवा म्हणून.”

दादांनी हिरव्या बनातीकडे पाहिले. त्यांचा जबडा हलला, मात्र आता तो त्यांच्या स्वतःच्या इच्छेने हलला. “मी काय म्हणालो?”

“म्हणालात, हे बघ छबी, तुझा हात. आणि पुढं काही नाही.”

“आणि तो तू नकार धरलास.”

“सगळ्यांनीच धरला.”

वहिनी मध्ये पडली. तिला वाटले असावे, की जखम उघडी पडली आहे तर तिच्यावर फुंकर घालावी. “ते हो म्हणणार होते ग. तुझा हात चांगला आहे, असंच म्हणणार होते.”

“तू कशाला माझ्या वतीनं बोलतेस?” दादा म्हणाले. “आजवर मौन बोललं माझ्या वतीनं. आता तू बोल.” मग ते बहिणीकडे वळले. “खोटं सांगू शकलो असतो, छबी. मला ते वाक्य आठवत नाही. पण तेव्हाचा मी मला आठवतो. मी नाहीच म्हणालो असतो.”

छबी त्यांच्याकडे पाहत राहिली. इतकी वर्षे ज्या नकारापासून ती पळाली होती तो अखेर समोर येऊन बसला होता, आणि आश्चर्य असे की तो लहान होता. त्याला चेहरा होता. त्याच्याशी बोलता येत होते.

“का?” तिने विचारले.

“कारण तू काचेकडे बघायची नाहीस. काचेतल्या स्वतःकडे बघायचीस. उगाच का छबी नाव पडलं तुझं? आणि त्यावर तू भांडली असतीस. आठवडाभर भांडली असतीस. मग मी कंटाळून म्हणालो असतो, उभी राहा बाई, पण फुटली तर झाडू तुझ्या हातात. तसंच झालं असतं. भांडायला कुणी थांबलंच नाही या घरात.”

“आता थांबलेय,” छबी म्हणाली. तिने हात पाठीमागे बांधले नाहीत; बनातीवर दोन्ही तळवे पसरून ठेवले. “आता विचारते. मला या टेबलाशी उभं राहायचंय.”

दादांनी उत्तर दिले नाही.

ते गप्प झाले. अण्णाची मान थरथरली, पण झुकली नाही. आत्याबाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. वहिनीची नजर त्यांच्या बटणाकडे गेली. बोटे शांत होती. छबीने त्यांच्या डोळ्यांत पाहिले. डोळे तिच्यावरून टेबलाकडे गेले, टेबलावरून आपल्या रिकाम्या हातांकडे, आणि पुन्हा तिच्याकडे आले. कोणीही उठले नाही. त्या घराच्या इतिहासात हे मौन प्रथमच साक्षीदारांसह पार पडत होते.

“असे काय बघताय सगळे?” दादा म्हणाले. “मी गप्प आहे, पण इथंच आहे. विचार करतोय. माणसानं या घरात विचारही करू नये का?”

“करा की,” आत्याबाई म्हणाल्या. “आम्हाला काय घाई आहे. माझे गुडघे तसेही उठू देत नाहीत.”

दादांनी बनातीवरून एकदा हात फिरवून म्हटले, “नाही.”

“का?”

“तू उभी राहिलीस की मी कायमचा उठलो. मग मी या घरात कोण? गोळ्या मोजून खाणारा म्हातारा?”

“कायमचे कशाला? गोळ्या लागू पडल्या तर…”

“आणि नाही पडल्या तर?”

“नाही पडल्या तर शेजारी खुर्ची टाकून बसा आणि माझ्या चुका काढा.”

“चुका काढायला मला खुर्ची लागत नाही.”

“मग उभ्यानं काढा. पण काढा. मी तिकडं काच फुंकते, मला मध्ये थांबलेलं चालत नाही. तुमच्यापेक्षा माझा श्वास मोठा आहे.”

“श्वासाचा काय संबंध? इथं मनगट लागतं.”

“दाखवते मनगट.”

“दाखवशील ग, पण आधी हे सांग, जाड काचेला तेल किती लावायचं? माहीत नाही ना? बघ. म्हणे मनगट.”

“माहीत आहे. लहानपणी जिन्यावर बसून सगळं पाहिलंय मी. फक्त तुमच्या चेहऱ्याकडे पाहायचं राहिलं.”

“मग चूक पाहिलंस, कारण मी तेल कधीच मोजून लावलं नाही.”

अण्णा काही बोलायला गेला, दोघांनीही त्याला एकाच वेळी म्हटले, “तू गप्प बस.” आत्याबाईंनी आपली खुर्ची टेबलाजवळ ओढली, आवाज होऊ देत, कारण आयुष्यभरात त्या घरात दोन माणसे समोरासमोर बसून भांडताना त्यांनी ऐकली नव्हती, आणि हे भांडण त्यांना शेवटपर्यंत ऐकायचे होते. वहिनी नवा चहा करायला उठली आणि दारातच थांबली. तिला जाववेना.

वाचकहो, या प्रकरणात एवढेच. दोघांपैकी कोण जिंकले हे लिहिणे मला उचित वाटले नाही; ते अजून भांडत आहेत असे समजावे. हा लेख लिहिताना भाषेत काही उणे राहिले असल्यास, ते माझ्या अर्धवट राहिलेल्या शिक्षणाचे समजून पदरात घ्यावे, आणि जे चांगले वाटले ते आपल्या घरातील एखाद्या गप्प माणसाच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहण्यासाठी खर्च करावे. आपण येथवर सोबत केलीत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
नाना कातारी